पाटावरची वाळू

आमच्या घरात वाळूला कुणी कधी बोलावलं नाही, ती आपली येतच असे. तोंडवलीच्या बाजूला आमची वाडी. घर आणि समुद्र यांच्यामध्ये सुरूची एक रांग आणि शेजारच्या पारूकाकीचे माड, बस्स. अंथरुणात वाळू, चपलेत वाळू, रात्री वेणी सोडली की खांद्यावर वाळू. पोह्याची बशी जरा वेळ उघडी राहिली की दाताखाली कचकच व्हायचीच. आई दिवसभर केर काढायची आणि दर वेळी म्हणायची, "मेली ही रेव, हिका काय मरान येणा नाय." आज मी कुडाळला तिसऱ्या मजल्यावर राहते. फरशी कशी चकचकीत आहे. पण चपला झटकल्यावर काहीच पडत नाही, तेव्हा उगाच चुकल्यासारखं होतं. असल्या घरात एकदा वाळूवाचून अडलं आणि पुढे वाळूपायीच जीव नकोसा झाला, ते मी सांगायला बसले आहे. कुणाला हसू आलं तर येऊ दे. मीही पुष्कळ वर्षं हसूनच सांगत असे.

माझे बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आवाज असा की ते वर्गात बोलायला लागले की दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडची म्हैस मान वर करी. मी नववीत त्यांच्याच वर्गात होते, आणि मास्तरांची मुलगी म्हणून इतरांपेक्षा दुप्पट ओरडा खायचे. त्यांचा आवडता प्रयोग म्हणजे गढूळ पाणी स्वच्छ करायचा. फुटक्या घागरीत खाली खडे, वर कोळसा, वर वाळू. पण वाळू घालण्याआधी ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धुवायची, टोपात तांदूळ धुतात तशी, पुन्हा पुन्हा. "पाणी नितळ येईपर्यंत!" हे ते एवढ्या जोरात म्हणायचे की मागच्या बाकावर पेंगणारे दचकून उठायचे. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी अंगणात दात घासता घासता ते खाली बसले ते उठले नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला डावा हात आणि डोळे. डोळे मिटून उघडले की होय, नुसतं बघत राहिले की नाही, एवढी भाषा आम्ही कशीबशी ठरवली. एवढ्या आवाजाचा माणूस ओटीवरच्या खाटेवर पडून आढ्याकडे बघत असे, आणि आम्ही त्यांच्यासमोर उगाच मोठमोठ्याने बोलत असू, जणू त्यांचे कानच गेले होते.

डॉक्टर म्हणाले, यांचं मन कशाततरी गुंतवा. हे ऐकून माझा मामा, कोल्हापूरला नोकरीला होता तो, श्रावणात एसटीने आला तो मांडीवर चादरीत गुंडाळलेली काचेची टाकी घेऊनच. हातात पाण्याने टम्म फुगलेली पिशवी आणि तिच्यात बोटाएवढे मासे, बहुतेक सोनेरी. घाटभर त्याने ती पिशवी तान्ह्या पोरासारखी सांभाळली होती. अख्खी वाडी बघायला लोटली. पारूकाकीने काचेला नाक लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "शोबेचे? म्हणजे खावचे नाय?" मामा म्हणाला, नाही काकी, बघायचे. "बगूनच पोट भरूचा तर माका काय, मी दर्याच बगतंय," असं म्हणून ती गेली. आत चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं. ज्या घरात मासा म्हणजे दुपारचं जेवण, त्या घरात आम्ही काचेतल्या माशांना नावं द्यायला बसलो. त्यांतला एक तळाशी राहायचा, ठेंगणा, मातकट रंगाचा, तोंडाशी बारीक मिश्या. त्याला मी फौजदार म्हणायला लागले. बाबांच्या डाव्या गालावर हसू फुटलं, आजारानंतर पहिल्यांदा. आई पदर तोंडाला लावून आत पळाली.

मामाने तळाशी घालायला लाल-निळे खडे आणले होते. ते आत पडले आणि बाबांचा चेहराच बदलला. फौजदार बिचारा दिवसभर त्या खड्यांत तोंड खुपसायचा प्रयत्न करी, मागे सरकी, पुन्हा खुपसी. काही दिवसांत त्याच्या मिश्या झिजून आखूड झाल्या. बाबा डावा हात उचलून एकदा टाकीकडे आणि एकदा दाराबाहेर, समुद्राकडे बोट दाखवायचे. आम्ही पाणी दिलं, उशी बदलली, दार लोटलं. शेवटी मी वैतागून विचारलं, "वाळू पाहिजे का?" डोळे मिटले, उघडले. मला एवढा आनंद झाला की मी टोपली घेऊन थेट किनाऱ्याकडे धावले. पण मामाने जाताना बजावलं होतं की समुद्राची वाळू या माशांना चालत नाही, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा, हे गोड्या पाण्याचे जीव. घ्या! दारात मैलभर वाळू, आणि आम्हाला मूठभर मिळेना. आज माझा नातू पुण्यात अशीच टाकी ठेवतो, वाळू पिशवीतून विकत आणतो, थर किती जाड हवा ते मोबाइलवर बघतो आणि मला शिकवतो. मी ऐकून घेते.

मी म्हटलं, व्हाळाची वाळू आणते. व्हाळ म्हणजे आमच्या वाडीमागून जाणारा ओढा, त्याचं पाणी गोडं. आई म्हणाली, "थांब. चवथ इली हा. बाप्पाची वाळू येतली, तीच घालूया." आमच्याकडे गणपती व्हाळात पोचवतात आणि रिकामा पाट घरी आणत नाहीत. तळाची वाळू पाटावर घेतात, तिला हळद-कुंकू वाहतात, अक्षता घालतात, घरी आणून आरती करतात, आणि मग ती वाळू चिमूट चिमूट तांदळाच्या कणगीत, गोठ्यात, घराच्या चारी कोपऱ्यांत टाकतात. त्यामुळे घरावर काही येत नाही म्हणे. दर वर्षी गणपती डोक्यावर घेऊन बाबा पुढे असायचे. त्या वर्षी पारूकाकीच्या नवऱ्याने घेतला, आणि बाबा खाटेवरून, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटवीच्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघत राहिले. पाटावर मात्र नेहमीसारखी मूठभर नव्हे, आईने ढीग करून वाळू आणवली. हळद, कुंकू, तांदूळ, दुर्वा, पंचखाद्याचा चुरा, सगळं तिच्यावर. आरती झाली आणि आईने रंगीत खडे काढून सगळंच्या सगळं टाकीत ओतायला घेतलं.

"आई, धू की आधी!" मी ओरडले.

"काय?"

"वाळू धुवायची असते. बाबा वर्गात..."

"देवाची वाळू धुवतत काय गो? परसाद काय कोण धुवन खाता?"

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट, वाद घालायला लागले की मी कुणाला ऐकायची नाही, पण आई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. ती वाळू टाकीत घालत नव्हती, ती बाबांच्या भोवती रिंगण घालत होती. मला ते दिसत होतं. पाणी पिवळं झालं, मग गुलाबी, मग पेजेसारखं. दुसऱ्या दिवशी ते थोडं निवळलं आणि फौजदार खरंच वाळूत शिरून बसला, नुसते डोळे बाहेर. बाबांनी ते पाहिलं. त्यांच्याकडे पाहून मला वाटलं, आईचंच बरोबर असेल.

चार दिवस बरे गेले असतील. मग सोनेरी माशांतला एक सकाळी उलटा तरंगताना दिसला. मग दुसरा. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून घुटके घेत. वाळूत गेलेले तांदूळ फुगून मऊ झाले होते, दुर्वा कुजल्या होत्या, काचेतून खालचा थर काळा पडलेला दिसे आणि मधूनच एखादा बुडबुडा सुटून वर येई. त्याला कुजक्या अंड्याचा वास. मामाने टाकीबरोबर आणलेला पंप बिचारा दिवसभर गुरगुरत हवा सोडत होता. आई रोज विहिरीचं पाणी आणून बदलायची, वर देवळातला अंगारा टाकायची. वाळूला मात्र ती हात लावू द्यायची नाही. आणि त्याच सुमारास पारूकाकी येऊन म्हणाली, अगदी चांगल्या मनाने म्हणाली, "रडतंस कित्याक गो? मास्तरांवरचा होता ता माशान आपल्यार घेतल्यान. जितके मासे जातले तितकी पीडा जातली." आईने डोळे पुसले. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर काकीने अख्खी फळीच टाकली होती. त्या दिवसापासून मासा मेला की आई रडेनाशी झाली. ती तो तळहातावर घ्यायची, बाबांच्या अंगावरून ओवाळायची आणि माडाच्या बुडाशी पुरायची. दसऱ्याला मामा आला तेव्हा तिने त्याला आणखी मासे आणायला सांगितलं, "आणखी हाड रे, भरपूर हाड." भोळा मामा खूश झाला, भावोजींना मासे आवडले म्हणून. त्याने पुढच्या खेपेला मोठी पिशवी आणली. आई ती टाकीत सोडत होती आणि मला कळत होतं की ती ते मासे कशासाठी सोडते आहे.

आणि बाबा? बाबांना सगळं दिसत होतं. खाट टाकीसमोरच, आम्हीच तशी लावलेली, मान वळवावी तर तीही धड वळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. जन्मभर ज्या माणसाने पोरांना शिकवलं की वाळू का धुवायची, तो खाटेवर पडून न धुतलेल्या वाळूत एकेक जीव जाताना बघत होता. त्यांचा डावा हात तेव्हा एक नवीनच हालचाल करायला लागला. तळवा चादरीवर टेकवून गोल गोल, गोल गोल. आईला वाटलं जपमाळ हवी, तिने तुळशीची माळ बोटांत अडकवली. त्यांनी ती टाकून दिली. पारूकाकी म्हणाली शीर वळता, मग तेल गरम करून चोळणं सुरू झालं. चोळताना हात धरून ठेवला की बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि आई म्हणायची, "बग, लागता तेंका आता. जीव येता हातात." मी दाराशी उभी राहून चडफडायची. मलाही त्या हाताचा अर्थ लागला नाही. लागायला हवा होता असं कुणी म्हणेल, पण पंधरा वर्षांच्या मुलीला वडिलांच्या हाताकडे बघवत नाही, हे त्या म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं.

एकदा आई देवळात गेली असताना मी परकर खोचून टाकीपाशी गेलेही. सगळी वाळू काढायची, धुवायची, ती यायच्या आत परत घालायची. हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि तसाच राहिला. समजा मी वाळू धुतली, आणि बाबा उठले नाहीत, तर? आई जन्मभर म्हणणार, तुझ्यामुळे. आणि समजा आईचंच खरं असलं, तर? विज्ञानाच्या मास्तरांची मुलगी मी, पण घरात तसं माणूस पडलेलं असलं की विज्ञान पुस्तकात राहतं. मी हात काढून घेतला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाबा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, "मला नाही जमत, बाबा." त्यांनी डोळे मिटले, उघडले.

तुळशीच्या लग्नाच्या आसपास टाकीत एकटा फौजदार उरला. तो वाळूतून वर आला होता आणि काचेला टेकून पडून असे. तो गेला त्या सकाळी आईने त्याला ओवाळून पुरलं, डोक्यावरून अंघोळ केली, देवापाशी दिवा लावला. मग तिने बाबांचा शाळेचा पांढरा सदरा काढला, घडी मोडून हाताने सारखा केला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. चपला काढल्या. त्या तिने आदल्या दिवशीच तेल लावून पुसून ठेवल्या होत्या. खाटेसमोर जमिनीवर त्या जोडीने मांडल्या, बोटं दाराकडे. आणि म्हणाली, "अवो, उठा बगूया आता. सगळी पीडा गेली. काय एक रवाक नाय."

बाबांनी चपलांकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, खूप वेळ. त्यांना काहीच खरं वाटत नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. पण त्यांनी उठायचा प्रयत्न केला. डावं कोपर गादीत रुतवलं, मानेच्या शिरा टरारल्या, घशातून घरघर आली, खांदा वर आला. क्षणभर आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते देवाने पुन्हा कुणाला दाखवू नये. मग कोपर सटकलं आणि ते आडवे होत खाटेच्या कडेवरून माझ्या अंगावर आले. आम्ही दोघींनी मिळून त्यांना परत झोपवलं. बाबा लहान मुलासारखे रडत होते. आई त्यांच्या छातीवर हात ठेवून नुसतं म्हणत होती, "रवांदे. रवांदे. आज नको." मला आईचा राग आला, पारूकाकीचा आला, मामाचा, देवाचा आला, आणि कुणावर काढावा ते कळेना म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन नारळ फोडला.

चूल पेटवावी लागतेच. आई आली, डोळे कोरडे, आणि पेजेचे तांदूळ धुवायला मोरीवर बसली. मी खोबरं खवत होते. तिने टोपात पाणी घातलं, तळवा टेकवला आणि हात फिरवायला लागली, गोल गोल. पाणी ओतलं, पुन्हा घातलं, पुन्हा गोल गोल. आणि हात थांबला. ती आपल्याच हाताकडे बघत बसली. मग मान वळवून तिने दारातून ओटीवर पाहिलं. तिथे खाटेवर बाबांचा तळवा चादरीवर फिरत होता, तस्साच.

"बाय," आई म्हणाली, "ते माका धुवूक सांगतत गो."

मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. मी मान हलवली.

"इतके दिस धुवूक सांगतत. आणि मी तेंच्या हातात माळ दिलंय." तिने तांदळाचा टोप तसाच बाजूला सारला. "चल. पाणी तुळशीक घालू, माडांक घालू. वाटेर, पायांखाली पडाक देवचा नाय. मगे देवाक काय वायट वाटाचा नाय." एवढं सोपं होतं ते.

आम्ही टाकी ओटीवरच रिकामी केली, बाबांसमोर. वाळू काढली तेव्हा असा दर्प सुटला की माडाखालचं कुत्रंही उठून गेलं. काळी, चिकट, मधे तांदळाचे लगदे. आई ती मोठ्या टोपात घालून धुवायला बसली आणि मी पाणी ओढत राहिले. पहिलं पाणी काळं, मग राखाडी, मग पुष्कळ वेळ कुंकवाचं गुलाबी जाता जाईना. प्रत्येक टोप मी नेऊन तुळशीत आणि माडांच्या बुडाशी ओतला, जिथे मासे पुरले होते तिथेच. ऊन डोक्यावर आलं. पेज शिजली नव्हती, कुणी जेवलं नव्हतं. पारूकाकी गडग्यावरून काहीतरी विचारायला आली आणि आईचं तोंड बघून न विचारता गेली. आई मधूनच टोप उचलून बाबांना दाखवायची, बाबा नुसते बघत राहायचे, म्हणजे नाही, आणि ती पुन्हा पाणी घालायची. शेवटी एकदा तिने टोप धरला तेव्हा तळाचा कण नि कण वेगळा दिसत होता.

वाळू परत टाकीत घातली, वर विहिरीचं पाणी, पंप लावला. गढूळ काहीच झालं नाही. काचेच्या पलीकडची भिंत स्वच्छ दिसायला लागली. आई खाटेच्या कडेवर बसली. आजार आल्यापासून ती बाबांजवळ नुसती अशी कधी बसली नव्हती, सदा काहीतरी करतच असायची. दोघं टाकीकडे बघत होती. टाकीत एकही मासा नव्हता, नुसतं पाणी होतं आणि तळाला पिवळसर वाळू. बाबांचा हात चादरीवर निश्चल पडला होता.

"नितळ झाला, न्हय?" आईने विचारलं.

त्यांनी डोळे मिटले, उघडले.

उन्हं कलेपर्यंत ती दोघं तशीच बसली. मग आई उठली, वाकून खाटेसमोरच्या चपला उचलल्या, घरात नेल्या, जुन्या कागदात बांधल्या आणि माळ्यावर ठेवून दिल्या.